रबरी मासा आखाजीपर्यंत टिकविणेबाबत

रबराचा मासा किती दिवस टिकतो हे जळगावात कोणालाच माहीत नाही, आणि कोणालाच माहीत नसल्यामुळे प्रत्येकाने ते मला सांगितलं.

मी एका सरकारी कचेरीत आवक-जावक सांभाळतो. कागद टिकवणं हे माझं काम. माझ्या कपाटात असे अर्ज आहेत की अर्जदार गेले, त्यांचे वारस गेले, अर्ज मात्र ठणठणीत आहे. तर अशा माणसाला बोटभर लांबीचा एक रबरी मासा तीन आठवडे टिकवता येऊ नये, ही गोष्ट मी अजून कचेरीत कोणाला सांगितलेली नाही. तुम्हीही सांगू नका.

मासे आमच्या सपनाने पाठवले. सपना म्हणजे आमची मुलगी, पुण्याला नोकरीला असते. मी मोबाइलवर मासेमारीचे व्हिडिओ बघत बसतो हे तिला आईकडून कळलं आणि तिने माझ्या वाढदिवसाला एक गळाची काठी आणि सहा रबरी माशांचं पाकीट धाडलं. पाठ हिरवी, पोट चंदेरी, डोळे टपोरे आणि शेपटी अशी मऊ की नुसती फुंकर मारली तरी वळवळते. यात गांडूळ लावायचं नाही, पिठाची गोळी नाही. हा मासा गळाला लावायचा, पाण्यात फेकायचा आणि हळूहळू ओढत आणायचा. मोठ्या माशाला वाटतं, खराच आहे. तो झडप घालतो. निदान व्हिडिओत घालतो.

मी पहिल्याच रविवारी गावाबाहेरच्या तळ्यावर गेलो आणि तिसऱ्या फेकीला मरळ लागली. मरळ म्हणजे दात असलेला मासा. तिने झडप घातली, मला एक हिसका दिला आणि निघून गेली. मी दोरी ओढली तर रबरी माशाला शेपटीच नव्हती. अर्धा मासा माझ्याकडे, अर्धा तिच्याकडे. वाटणी इतकी चोख झाली होती की मला क्षणभर तलाठ्याची आठवण झाली.

हे मी संध्याकाळी भडगावला फोन करून सासऱ्यांना सांगितलं. आता इथे जरा थांबून सांगतो, कारण पुढचं सगळं रामायण या फोनमुळे झालं.

माझे सासरे चुडामण नाना, निवृत्त पोस्टमास्तर. उभा जन्म गिरणेच्या काठी गळ टाकून बसण्यात गेला. पोस्टाची वेळ संपली की नदी, रविवारी नदी, आमच्या लग्नाच्या दिवशी सकाळीसुद्धा नदी. पण गेल्या दिवाळीपासून त्यांनी नदी सोडली. काठ्या माळ्यावर टाकल्या. विचारलं तर म्हणायचे ऊन आहे, थंडीत म्हणायचे वारा आहे, वारा नसला की पाणी उतरलंय. दिवसभर ओसरीवर मांडीवर उपरणं घेऊन बसून राहायचे. हेमांगी, म्हणजे माझी बायको, रोज फोन करायची आणि फोन ठेवून डोळे पुसायची. "माझे नाना असे नव्हते हो," एवढंच म्हणायची.

तर रबरी माशाची गोष्ट ऐकली आणि नाना फोनवर हसले. दिवाळीनंतर पहिल्यांदा. नाना बोलतात अहिराणी, आमची खान्देशी बोली.

"रबरना मासा? आनि तो मरळ खाई? मरळ काय येडी शे का जावईबापू?"

"खाल्ला ना नाना. शेपटी घेऊन गेली."

"आखाजीले या तो मासा लईसन. मी येसु नदीवर, तुमनी मजा देखाले."

हेमांगीने फोन माझ्या हातातून ओढून घेतला. "नाना, खरंच याल नदीवर?" तिकडून बहुधा होकार आला. तिने फोन ठेवला आणि माझ्याकडे असं बघितलं, जसं साहेब तातडीचा शेरा मारलेल्या फाइलकडे बघतात.

"अहो, मरळ लागो न लागो. पण हा मासा आखाजीपर्यंत टिकला पाहिजे. तुमची फजिती बघायला का होईना, नाना घराबाहेर पडतायत."

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्या खान्देशात लेकी माहेरी जातात आणि जावयांना मान मिळतो. मला मान नको होता, पण नानांना नदीवर न्यायचंच होतं. आखाजी तीन आठवड्यांवर. सपनाने लगोलग दुसरं पाकीट मागवलं. ते पाकीट कुठे पोचलं ते मोबाइलवर दिसत होतं. आधी जळगावऐवजी धुळ्याला गेलं, धुळ्याहून साक्रीला गेलं, साक्रीला चार दिवस राहिलं, परत धुळ्याला आलं. मी इतका फिरलो असतो तर प्रवासभत्ता मागितला असता. तेव्हा भिस्त घरातल्या पाच अखंड आणि एका शेपटीतुटक्या माशावर होती.

पहिली चूक माझीच झाली. वस्तू टिकवायची तर डब्यात ठेवावी, हे मला लहानपणापासून ठाऊक. हेमांगीने नुकताच प्लास्टिकच्या पारदर्शक डब्यांचा सेट घेतला होता. त्यातला सर्वांत देखणा डबा घेऊन मी दोन मासे त्यात ठेवले, उरलेले पाकिटातच राहिले. जळगावचा एप्रिल. पारा चव्वेचाळीस. चार दिवसांनी डबा उघडायला गेलो तर झाकण निघेना. जोर लावून उघडलं, तर मासे नव्हते. म्हणजे होते, पण डब्याच्या तळात विरघळून बसले होते आणि डबाही जागोजागी मऊ होऊन त्यांच्यात शिरला होता. वर नुसते चार टपोरे डोळे.

हेमांगी डब्याकडे बघत राहिली. "सेटमधला डबा होता," ती म्हणाली. बाईमाणूस सेटमधला डबा गेला की ओरडत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. ओरडली असती तर बरं झालं असतं.

डबा घेऊन मी खाली लखीचंदशेठकडे गेलो. लखीचंदशेठ आमच्याच इमारतीत तळमजल्यावर राहतात, प्लास्टिकच्या मालाचं दुकान आहे, पिढीजात जैन. मासा हा शब्द त्यांच्या घरात काढायची सोय नाही. म्हणून मी डबा पुढे केला आणि म्हणालो, "शेठ, ही एक वस्तू विरघळली."

शेठनी चष्मा लावला. डोळे दिसले तसा चष्मा काढला.

"राकेशभाऊ, मी विचारत नाही हे काय आहे. तुम्ही सांगू नका. पण एक सांगतो, मऊ प्लास्टिकात तेल असतं. त्यामुळेच ते मऊ. हे तेल कडक प्लास्टिकला लागलं की दोघं एक होतात. लग्न लागलं समजा. आता सोडवायला जाऊ नका, दोन्ही घरं बुडतील."

"मग ठेवायचं कशात?"

"ज्या पाकिटात आलं त्याच पाकिटात. नाहीतर काचेत, चिनीमातीत. आणि उन्हात नाही."

हा सल्ला शंभर टक्के बरोबर होता. पण फुकट मिळाला होता आणि दोन वाक्यांत संपला होता, त्यामुळे त्याच्यावर माझा विश्वास बसला नाही. आपल्याकडे सल्ला कसा तासभर चालला पाहिजे.

तो तासभराचा सल्ला वरच्या मजल्यावर मिळाला. जीवराम आबा आयटीआयमध्ये वेल्डिंग शिकवून निवृत्त झाले. निवृत्तीनंतर त्यांच्याकडे जोडायला काही उरलेलं नाही, त्यामुळे जिन्यात भेटणाऱ्या प्रत्येकाचं काय तुटलंय याकडे त्यांचं लक्ष असतं. शेपटीतुटका मासा बघून त्यांचे डोळे चमकले.

"शेपटी गेली तर गेली. बाकीच्यातला तुकडा घालू. रबर काय, लोखंड काय, तत्त्व एकच. दोन्ही कडा वितळव, टेकव, हलू देऊ नको."

डब्यात चिकटलेल्या माशाची एक शेपटी कशीबशी शाबूत निघाली. आबांनी गॅसवर सुरी तापवली, दोन्ही कडांच्या मध्ये धरली, सुरी काढली आणि कडा टेकवल्या. घरभर जळक्या चपलेचा वास सुटला. मिनिटभराने हात सोडला तर मासा अखंड. सांधा थोडा काळपट दिसत होता, पण शेपटी वळवळत होती. मी खाली वाकून आबांच्या पाया पडलो. खोटं नाही सांगत, पडलो.

इथे थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण आबांना पाया पडून घ्यायची सवय राहिलेली नव्हती, ते चढले. "आता तो धडधाकट मासा दे. फुटायच्या आधीच मजबूत करू." मी नको म्हणालो. म्हणजे म्हणायला तोंड उघडलं. तोवर त्यांनी पाकिटातून मासा काढून त्याच्या नाकाडाला सुरी लावली होती. नाकाड लांबलं, थेंब झालं आणि टपकन आबांच्या लुंगीवर पडलं. आबा उडाले. सुरी एकीकडे, मासा दुसरीकडे, तो नेमका पेटत्या गॅसवर. लुंगीला पावलीएवढं भोक पडलं. त्यानंतर दोन दिवस आबांच्या घरचे जिन्यात माझ्याकडे बघत नव्हते, आणि आबा मात्र भेटेल त्याला सांगत होते की पहिला सांधा फर्स्ट क्लास बसला.

आता राहिले तीन. एक सांधलेला, दोन नवे.

मग मला परवानगीची अक्कल सुचली. भडगावजवळ ज्या डोहात नाना गळ टाकत तो आता एका मच्छीमार संस्थेकडे ठेक्याने होता. नाना वर्षानुवर्षं विनापास बसले, त्यांना कोण विचारणार. पण मी सरकारी माणूस. सगळ्या गल्लीसमोर रखवालदाराने माझी काठी ओढून घेतली असती तर आखाजीची होळी झाली असती. म्हणून शनिवारी एसटीने संस्थेच्या कार्यालयात गेलो. टेबलामागे तोताराम नावाचे गृहस्थ होते. त्यांनी मला अर्ज दिला आणि स्वतः भरायला बसले, कारण अर्जदाराचं अक्षर त्यांना चालत नसे.

"आमिषाचा प्रकार. जिवंत की मृत?"

"रबरी."

"जिवंत की मृत?"

"अहो, रबरी मासा आहे. तो जिवंत नाही."

"म्हणजे मृत."

"मृत कसा? तो कधी जिवंतच नव्हता."

तोतारामांनी पेन खाली ठेवलं. माझ्याकडे शांतपणे बघितलं. ती नजर मी ओळखली, कारण रोज अकरा ते पाच मीच ती लोकांना देतो.

"तिसरा रकाना नाही," ते म्हणाले.

"मग 'इतर' लिहा."

"इतर लिहिलं तर खुलासा जोडावा लागतो. खुलाशासोबत नमुना."

मी हौसेने खिशातला मासा काढला. इतकी वर्षं लोकांकडून मी हेच मागत आलो, आपणही एकदा विनातक्रार द्यावं असं वाटलं. तोतारामांनी मासा उलटसुलट बघितला, शेपटी हलवून बघितली, पुन्हा हलवली, मग शिपायाला बोलावून त्यालाही हलवायला दिली. खूप समाधान झाल्यावर त्यांनी पंचिंग मशीन घेतलं, माशाच्या पोटात दोन भोकं पाडली आणि लाल दोऱ्याने त्याला माझ्या अर्जाच्या मागे बांधून टाकलं.

"अहो, परत द्या ना."

"नमुना फाइलचा भाग झाला. परत हवा असेल तर स्वतंत्र अर्ज करा."

पण खरं सांगू? मनातून आदर वाटला. अशी माणसं आता राहिली नाहीत. पास मात्र मिळाला. त्यावर लिहिलं होतं, 'आमिष: इतर (नमुना पान ३)'.

घरी आलो तेव्हा दोन मासे उरले होते आणि आखाजीला आठ दिवस. त्यात पाकीट उघडझाप करून वारा लागल्यामुळे दोघेही कडक पडायला लागले होते. शेपटी वळवळायच्या ऐवजी नुसती मान डोलवायची. मला लखीचंदशेठचं वाक्य आठवलं, मऊपणा म्हणजे तेल. तेल कमी झालं तर तेल द्यावं. आणि वस्तू तेलात वर्षभर मऊ कशी ठेवावी याचं ज्ञान आमच्या इमारतीत एकाच व्यक्तीकडे होतं. शेठच्या पत्नी जतनबाई. सगळे त्यांना भाभी म्हणतात. त्यांच्या हातचं कैरीचं लोणचं तिसऱ्या वर्षीसुद्धा कालचं वाटतं.

"भाभी," मी दारातूनच विचारलं, "एखादी नाजूक वस्तू मऊ राहायला हवी असेल तर काय करावं?"

भाभींना वाटलं, हेमांगीने यंदा लवकर लोणचं घातलंय आणि लाजेने नवऱ्याला पाठवलंय. त्यांनी मला बसवून समजावलं. बरणी चिनीमातीची, कोरडी ठणठणीत. ओला हात लावायचा नाही. तळाला मेथी आणि हिंग. तेल गरम करून पूर्ण गार करायचं. आणि फोडीच्या वर बोटभर तेल उभं राहिलं पाहिजे. वरून फडकं बांधायचं.

मी एकही पायरी चुकवली नाही. मेथी घातली, हिंग घातला, तेल बोटभर उभं केलं. सरकारी माणूस एकदा परिपत्रक मिळालं की त्यातला स्वल्पविराम सोडत नाही. दोन्ही मासे बरणीत गेले, वर पांढरं फडकं बांधलं आणि बरणी स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवली. हेमांगीने विचारलं तर म्हणालो, "नानांसाठी."

चौथ्या दिवशी भाभी आल्या. आपण सांगितलेलं लोणचं कसं झालं हे बघितल्याशिवाय त्यांना चैन पडणं शक्यच नव्हतं, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. मी बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होतो. हेमांगी चहा टाकत होती. भाभींनी फडकं सोडलं, वास घेतला, "हिंग बरोबर पडलाय," म्हणाल्या आणि कोरडा चमचा घालून एक फोड वर काढली.

फोडीला डोळे होते.

किंकाळी ऐकून मी धावलो तेव्हा भाभींनी चमचा झटकला होता. मासा खिडकीतून बाहेर गेला, समोरच्या भिंतीवर पडला, आणि मी खिडकीत पोचेपर्यंत एका कावळ्याने तो चोचीत धरून नेलाही. मी थक्क झालो. इतक्या गडबडीतही मला एक गोष्ट सुखावून गेली, ती म्हणजे कावळा फसला होता.

पण ते बोलून दाखवायची ती वेळ नव्हती. भाभी खुर्चीत बसून हाताकडे बघत होत्या. "माझ्या हाताने," एवढंच म्हणत होत्या. हेमांगी माझ्याकडे बघत होती. लखीचंदशेठ खालून धावत आले. मी पहिल्यांदाच सगळं खरं सांगितलं. नाना, नदी, मरळ, आखाजी, एकही रकाना रिकामा न ठेवता. शेठनी ऐकून घेतलं. मग बरणीतला उरलेला मासा, तोच सांधलेला, त्यांनी चिमटीत धरला. दाबला. ओढला. हुंगला. दिव्यापुढे धरून आरपार बघितला.

"जतन, ऊठ," ते म्हणाले. "शुद्ध प्लास्टिक आहे. आपल्या दुकानातल्या पाइपाचाच भाऊबंद. यात जीव कधी नव्हता."

भाभींनी हात तीनदा धुतला. मग माझ्याकडे वळल्या. "राकेशभाऊ, माझ्या हातचं तेल-हिंग त्याला लागलंय. यावर जो मासा लागेल तो तुम्ही पाण्यात परत सोडायचा. शब्द द्या."

मी शब्द दिला. त्या क्षणी मला कोणी राजीनामा मागितला असता तर तोही दिला असता.

तर आखाजीला भडगावला पोचलो तेव्हा माझ्या खिशात काचेच्या बाटलीत एकच मासा होता. सांध्याला काळपट, तेलाने फुगलेला, हिंगाचा वास मारणारा. पण मऊ म्हणजे इतका मऊ की लोण्याने हात जोडावेत.

सांजोऱ्या खाऊन झाल्या, निंबाच्या झोक्यावर बायकांची गाणी सुरू झाली, पुरुष पत्त्यांना बसले. चार वाजता मी काठी घेऊन उभा राहिलो आणि म्हणालो, "चला नाना."

मला धाकधूक होती, ते ऐनवेळी ऊन आहे म्हणतील. हेमांगीही दारात श्वास रोखून उभी होती. नानांनी उपरणं उजव्या हातावर घेतलं आणि चपला घातल्या. त्यांच्यामागे हेमांगी आणि पत्त्यांचा डाव टाकून सगळी गल्ली निघाली. जावयाची फजिती फुकट बघायला मिळत असेल तर हुकमाची राणी कोण धरून बसतो?

डोहावर मी मासा फेकला आणि ओढत आणला. पुन्हा फेकला, पुन्हा ओढला. वीस वेळा. पाण्याला सुरकुतीसुद्धा पडली नाही. गल्ली आधी हसली, मग तिला हसायचाही कंटाळा आला. नाना एका दगडावर बसले होते, उपरणं मांडीवर, हात उपरण्याखाली.

"मढं ओढी राहिनात का जावईबापू? मासा जित्ता दिसाले जोयजे. मरळ मरेलले तोंड लावत नही."

"शेपटी हलतेय की नाना."

"तुम्ही वढतस म्हनीसन हालस. जित्ता मासा असा हालत नही."

एकविसाव्या फेकीला दोरी बाभळीच्या फांदीत गेली, तिथून माझ्या पायाभोवती आली आणि मी जागच्या जागी बांधला गेलो. माझी प्रतिष्ठा गिरणाकाठी संपूर्णपणे निकालात निघाली. मासा मात्र काठाजवळच्या पाण्यात पडला होता. "नाना, जरा धरा," म्हणून मी काठी त्यांच्या अंगावर जवळजवळ टाकलीच. पडू द्यायची नाही म्हणून त्यांनी दोन्ही हातांनी धरली, आणि उपरणं खाली पडलं.

तेव्हा सगळ्यांनी बघितलं. नानांचा उजवा हात थरथरत होता. थोडाथोडका नाही, मनगटापासून बोटांपर्यंत, थांबतच नव्हता. मी खाली बसून पायाची दोरी सोडवत होतो ती तशीच राहिली. दिवाळीपासूनचं ऊन, वारा, उतरलेलं पाणी, सगळं एकदम कळलं. थरथरत्या हाताने गळाला गांडूळ लागत नाही. ते कोणाला दिसू नये म्हणून या माणसाने नदी सोडली होती, आणि आम्ही फोनवर त्यांना हवापाणी विचारत होतो. मला स्वतःची फार लाज वाटली. हेमांगी मागे उभी होती, तिच्या डोळ्यांना धार लागली होती.

"मना हात कापस," नाना खालच्या आवाजात म्हणाले. "घ्या हाई काठी. बठ्ठा देखी राहिनात."

"बघू द्या सगळ्यांना. नाना, तुम्ही पाण्यात बघा," मी म्हणालो.

कारण त्यांच्या हाताची थरथर काठीत गेली होती, काठीतून दोरीत आणि दोरीतून पाण्यात. आणि पाण्यात तो सांधलेला, फुगलेला, हिंगाळलेला मासा जिवंत झाला होता. एक वीत पुढे, जरासा कापत, थबकून, पुन्हा कापत. वीस वेळा ओढून मला जे जमलं नाही ते नाना नुसतं बसून करत होते. गल्ली पाण्याकडे वाकली. नानाही बघत राहिले. त्यांनी काठी परत द्यायला पुढे केलेला हात तसाच राहिला.

आणि पाणी फुटलं. मरळ अशी आली की समोरच्या काठावरच्या बकऱ्या उठून पळाल्या. नाना दगडावरून उठले, पाय रोवले, आणि सत्तर वर्षांची नदी त्यांच्या अंगात आली. दोरी सोड, दोरी घे, सोड, घे. सगळी गल्ली एकाच वेळी सल्ला देत होती आणि नाना एकाचंही ऐकत नव्हते. पाच मिनिटांनी दोन किलोची मरळ ओल्या वाळूत पडली होती, काळी, चकचकीत. नाना धापा टाकत हसत होते आणि दोन्ही हात उघड्यावर कापत होते. आता एक आनंदाने कापत होता. कोणता, ते सांगता येत नव्हतं.

"आज रस्सा," गल्ली म्हणाली.

मी घसा साफ केला आणि जतनभाभींना दिलेला शब्द सांगितला. गल्लीत अशी शांतता पसरली, जशी पगारवाढ रद्द झाल्याचं परिपत्रक वाचल्यावर कचेरीत पसरते. कोणीतरी म्हणालं, जावयाला आधी पाण्यात टाका.

नानांनी मरळीकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग लेकीकडे. खाली वाकून त्यांनी गळ सोडवला आणि मरळ पाण्यात सरकवली.

"जाऊ द्या," ते म्हणाले. "तिनीबी आखाजी शे. आपन सकाय परत येसु."

सकाय म्हणजे उद्या. हेमांगीने तो शब्द ऐकला आणि पदर तोंडाला लावून ती रडता रडता हसायला लागली. तिथल्या तिथे तिने नानांकडून जळगावच्या डॉक्टरकडे यायचंही कबूल करून घेतलं. त्या वेळी नानांनी कशालाही हो म्हटलं असतं.

माशाच्या पाठीत मरळीच्या दातांच्या दोन खाचा पडल्या होत्या. त्याच संध्याकाळी चुलीवर सुरी तापवून आम्ही त्या सांधल्या. मी कडा धरल्या, नानांनी सूचना दिल्या, आणि सूचना बऱ्याच लांबल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा नदी झाली. दुपारी मला कचेरीसाठी निघायचं होतं, हेमांगी रीतीप्रमाणे माहेरीच राहणार होती. नाना मला पोचवायला स्टँडवर आले. एसटी लागली. मी पाया पडलो तरी ते हलेनात. घुटमळले, दोनदा खाकरले. अठ्ठावीस वर्षांत या माणसाने माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं, चहासुद्धा नाही.

"जावईबापू, तो मासा अठेच राहू द्या ना."

त्यांनी उजवा हात पुढे केला. भर स्टँडवर, उपरण्याशिवाय. मी बाटली उघडली, गळ आधीच काढून ठेवला होता, आणि मासा त्यांच्या तळहातावर ठेवला. ठेवताक्षणी त्याची शेपटी हलायला लागली. शेजारी उभ्या असलेल्या एका बाईच्या कडेवरचं पोर ते बघून खिदळलं. नानांनी मूठ मिटली नाही. तसाच हात पुढे धरून ते सगळ्या पेठेतून घरी चालत गेले.